सेफ्टी डोअर ग्राहकाच्या मनासारखं बनवायचं, तर त्याला काय विचारायचं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वडिलांनी उभा केलेला शीट मेटलचा छोटा कारखाना. लेझर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग घरचं, पावडर कोटिंग (पावडरीचा रंग मारून भट्टीत पक्का करणं) बाहेरून. आजवर कंपन्यांचं जॉबवर्क केलं, आता घरगुती ग्राहकासाठी स्वतःचा माल काढायचा आहे: सेफ्टी डोअर, बाल्कनीचं रेलिंग, खिडकीची जाळी, नेमप्लेट. ग्राहकाने स्वतःचं डिझाइन स्वतः करावं अशी कल्पना आहे आणि त्यासाठी वेबसाइटवर थ्रीडी कॉन्फिगरेटर (ग्राहक पर्याय निवडेल तसं वस्तूचं चित्र बदलणारी सोय) बनवून देणारा एक जण बऱ्यापैकी रक्कम मागतोय. ती घालावी का, ग्राहकाला मोकळीक किती द्यावी आणि त्याने मध्येच मन बदललं तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी सातपूरला याच धंद्यात बरीच वर्षं आहे, तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. कॉन्फिगरेटर आत्ता नको. मोकळीक जरूर द्या, पण कशाकशात द्यायची हे तुम्ही ठरवा, ग्राहकावर सोडू नका. आणि मन तो बदलणारच आहे, तेव्हा बदलायला कुठपर्यंत मुभा आहे हे ऑर्डर घेतानाच कागदावर आणा.

जॉबवर्क करणाऱ्याला या धंद्यात पहिला धक्का बसतो तो ड्रॉइंगचा. कंपनी ड्रॉइंग पाठवते, त्यावर माप असतं, टॉलरन्स (माप किती चुकलं तर चालेल) असतो, मटेरियलचा ग्रेड असतो. माल ड्रॉइंगप्रमाणे असला की तुम्ही सुटलात. इंदिरानगरच्या फ्लॅटवाल्याकडे ड्रॉइंग नसतं. त्याच्याकडे असते शेजाऱ्याच्या दाराची आठवण, मोबाइलमध्ये कुठून तरी आलेला एक फोटो आणि ‘असंच, पण जरा वेगळं’ अशी मागणी. म्हणजे ड्रॉइंग बनवायचं काम आता तुमच्याकडे आलं, आणि त्यातली निम्मी माहिती समोरच्याच्या डोक्यात आहे जी त्यालाही नीट सांगता येत नाही. एमआयटीचे एरिक फॉन हिपेल यांनी १९९४ च्या सुमारास यावर लिहिलं होतं: गरजेची माहिती ग्राहकाकडे चिकटून बसलेली असते, बनवण्याची माहिती कारखान्याकडे, आणि इकडची तिकडे हलवायला पैसे आणि वेळ लागतो. ग्राहकाला डिझाइनमध्ये घ्यायचं म्हणजे ही हलवाहलव कमीत कमी करायची. त्याला फक्त तेवढंच विचारायचं जे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. आपल्याकडचे बहुतेक फॅब्रिकेटर विचारतात, ‘साहेब, सोळा गेज घेऊ की अठरा?’ त्या माणसाला काय कळणार? तो विचारतो फरक किती पैशांचा, आणि स्वस्तातलं घेतो. सहा महिन्यांनी दार वाजायला लागतं तेव्हा तुम्हाला फोन येतो. अठरा गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, सोळा म्हणजे १.६. कुठे काय लावायचं हे तुमचं ज्ञान आहे. त्याला विचारायचं ते असं: दार दिवसातून किती वेळा उघडतं? बाहेरचं मुख्य दार दुपारभर उघडं ठेवून फक्त हे लावता का? पाऊस थेट लागतो का? घरात कुत्रा आहे का, लहान मूल आहे का? घर नाशिकरोडला सोसायटीच्या बंद जिन्यात आहे की त्र्यंबकच्या बाजूला उघड्यावर? पावसाचं ‘हो’ आलं की तुम्ही मुकाट्याने जस्ताचा थर दिलेली जीआय शीट आणि झिंक प्रायमर धरायचा. गेजचा, प्रायमरचा, बिजागरीचा शब्दही ग्राहकासमोर निघता कामा नये, निदान त्याने विचारल्याशिवाय.

एका आजींनी मला त्यांच्या दाराची जी मागणी सांगितली तिच्याहून नेमकी मागणी मी इंजिनिअरकडूनही ऐकलेली नाही. ‘कोण आलंय ते मला दिसलं पाहिजे, त्याला मी दिसायला नको, आणि कडी मला खाली वाकून काढायची नाही.’ यात तीन गोष्टी ठरल्या. जाळीची भोकं बारीक, आतून गडद रंग. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो म्हणून आतून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही. रात्री घरात दिवा लागला की हे उलटं होतं, म्हणून नजरेच्या उंचीवर आतून सरकणारी छोटी झडप. आणि कडीची उंची आजींच्या कोपराच्या उंचीवर, नेहमीच्या जागेपेक्षा थोडी वर. आजींना डिझाइन येत नव्हतं, पण डिझाइनमध्ये त्यांचा वाटा माझ्यापेक्षा मोठा होता. ‘खालील आठ जाळ्यांपैकी एक निवडा’ एवढंच त्यांना विचारलं असतं तर यातलं काहीच बाहेर आलं नसतं.

आता मोकळीक कुठे द्यायची. यासाठी परदेशात जायची गरज नाही, येवल्याला जा. पैठणी विणून घेणारं गिऱ्हाईक माग उभा असतो तिथे जाऊन बसतं आणि आपल्या पसंतीची साडी करून घेतं. पण काय बदलता येईल हे ताण्यावर, म्हणजे मागावर आधी चढवलेल्या उभ्या धाग्यांवर, अवलंबून असतं. एका ताण्यावर एकापेक्षा जास्त साड्या निघतात. ताणा चढायच्या आधी गेलात तर अंगाचा रंग, काठ, सगळं तुमच्या मनासारखं. ताणा चढल्यावर गेलात तर ताण्याचा रंग ठरलेला, आता बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग बदलून धूपछाव कशी हवी ते सांगा, आणि पदरावर मोर हवा, मुनिया हवी, बांगडी मोर हवा की आसावली ते सांगा. पदराची नक्षी हाताने भरली जाते, त्यामुळे ती उशिरापर्यंत बदलता येते. मागाची रुंदी मात्र कुणालाच विचारली जात नाही. विणकर हे कुठे शिकायला गेला नाही, पण ग्राहकाला कुठल्या टप्प्यावर आत घ्यायचं हा व्यवस्थापनाच्या वर्गात तासभर शिकवला जाणारा विषय त्याने पक्का बसवलाय.

तुमच्या कारखान्यात ताणा कुठला आणि पदर कुठला ते शोधा. माझ्या मते दाराची बाहेरची फ्रेम, बिजागऱ्यांची जागा, लॉकचा खण आणि ट्यूबचे सेक्शन हा तुमचा ताणा. याचे तीन-चार ठरलेले प्रकार करून ठेवा, जिग (तुकडे ठरल्या जागी धरून वेल्ड करायचा साचा) बनवा, फ्रेमचा कच्चा माल कापून तयार ठेवा. मधलं पॅनल म्हणजे पदर. लेझरला एक जाळी कापली काय आणि दुसरी कापली काय, डाय बदलायची नाही, फक्त फाइल बदलते. वैयक्तिक मागणीची सगळी गंमत त्या पॅनलवर होऊ द्या. रेलिंगचंही असंच.

सगळ्यात शेवटचा टप्पा म्हणजे नुसतं नाव. भांडी बाजारात तांब्या-पितळेचं भांडं घेतलं की दुकानदार तिथेच पेनाने नाव घालून देतो. भांडं सगळ्यांना सारखंच, पण आहेराचं म्हणून ते वेगळं होतं. खर्च जवळजवळ शून्य, आणि ते नाव तीन पिढ्या वाचतात. जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर यांनी १९९७ मध्ये या कामाचे चार प्रकार पाडले होते: ग्राहकाशी बसून बोलून ठरवणं, ग्राहकाला स्वतः घरी जुळवून घेता येईल असा माल देणं, आतला माल तोच ठेवून बाहेरून वेगळा करणं, आणि ग्राहकाला न विचारताच त्याच्या सवयी पाहून त्याला हवं ते देणं. भांड्यावरचं नाव हा तिसरा प्रकार. स्लॉटेड अँगलची रॅक, जिच्या फळ्या हव्या तिथे वर-खाली बसवता येतात, हा दुसरा. आजींचं दार हा पहिला. नवा माणूस पहिल्याच प्रकाराच्या मागे धावतो, कारण तो भारी वाटतो. पण तो सगळ्यात महागही आहे. दरवाजा पहिल्या प्रकाराने, नेमप्लेट तिसऱ्याने विका. सगळ्याला एकच पद्धत लावू नका.

नेमप्लेटवरून आठवलं, इथे जरा थांबतो, कारण मोकळीक दिली की काय होतं ते नेमप्लेटवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. देवनागरी नाव पत्र्यातून दोन तऱ्हांनी कापता येतं. एक, अक्षरं म्हणजे आरपार भोकं. दोन, अक्षरं स्वतः पत्र्याची आणि भोवतालचा पत्रा जातो. पहिल्या तऱ्हेत व, ब, प, ष यांच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. तो धरून ठेवायला मधून बारीक पूल सोडावा लागतो. शिवाय शिरोरेषा म्हणजे लांबच्या लांब फट झाली, तिच्यावरची पट्टी अरुंद असेल तर वाकते. दुसऱ्या तऱ्हेत शिरोरेषा तुमच्या बाजूने असते: सगळी अक्षरं तिलाच लटकलेली, नाव एकसंध निघतं. इंग्रजी नावाला हे सुख नाही, तिथे अक्षर अन् अक्षर सुटं. पण शिंदे, कांबळे, गांगुर्डे ही नावं आली की अनुस्वाराचा टिंब सुटा होतो. ‘श्री.’ मधलं पूर्णविरामाचं टिंबही. आणि ट, ड, द ही अक्षरं एकाच बारीक मानेवर लोंबतात. पत्रा पातळ आणि अक्षर मोठं असेल तर वाहतुकीतच मुरडतात.

आता ग्राहकाला वेबसाइटवर पन्नास फाँट दिलेत आणि हवं ते टाइप करा म्हणालात, तर स्क्रीनवर सगळं सुंदर दिसेल आणि मशीनवर अर्धी नावं सांडतील. प्रत्येक नाव मग तुमचा ड्रॉइंगवाला हाताने दुरुस्त करत बसेल आणि तुमचा नफा तिथेच जाईल. त्याऐवजी चार फाँट द्या. चारांतही पूल आधीच काढून ठेवलेले, अनुस्वार शिरोरेषेला नाजूक दांडीने जोडलेला किंवा मागे पाठपट्टी धरलेली, आणि दोन भोकांमधली भिंत पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी होणार नाही असा आकार. अक्षरं किती बसतील याची मर्यादा घालून टाका. ‘श्री. व सौ.’ हवं असेल तर पाटी एक माप मोठी. ग्राहकाला कुठेही अडवल्यासारखं वाटत नाही, कारण जे जमणार नाही ते त्याच्यासमोर येतच नाही.

पर्याय किती द्यायचे यावर १९८७ सालचं जपानमधलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. नॅशनल बायसिकल म्हणजे पॅनासॉनिक सायकली बनवणारी कंपनी, तिने गिऱ्हाइकाच्या अंगमापाची, हव्या रंगाची सायकल द्यायला सुरुवात केली. मॉडेल, रंग आणि मापं यांचा गुणाकार करून १ कोटी १२ लाखांहून जास्त प्रकार होत होते. पण दुकानात गिऱ्हाइकाला एक कोटी सायकली दाखवत नव्हते. एका मापाच्या सांगाड्यावर त्याला बसवून माप घ्यायचे आणि मग एकेक करून थोडे प्रश्न विचारायचे. त्याहून मला आवडलेली गोष्ट पुढची: सायकल लवकर देता येत असतानाही ते दोन आठवडे लावत. आपली खास वस्तू बनतेय याची वाट बघण्यातही मजा असते म्हणून. तुम्ही उशीर करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे तो न मागता होतोच. पण ठरलेली तारीख सांगून ती पाळणं हे आज मागितलं आणि आज दिलं यापेक्षा या मालाला जास्त शोभतं.

अमेरिकेत २००० साली शीना आयंगार आणि मार्क लेपर यांनी किराणा दुकानात जॅमचा प्रयोग केला होता, तो तुम्ही ऐकला असेल. २४ जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी घेतला, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. याचा दाखला देऊन सगळे सांगतात, पर्याय कमी करा. पण २०१० मध्ये असे पन्नास प्रयोग एकत्र पाहिले गेले तेव्हा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला. म्हणजे पर्याय जास्त असणं नेहमीच वाईट असं नाही. माझा अनुभव असा की ज्याला आपलं मन ठाऊक आहे त्याला शंभर नक्ष्या दाखवा, तो आपली शोधून काढतो. ज्याला ठाऊक नाही तो सहांतही अडकतो, घरी जाऊन विचारतो म्हणतो आणि परत येत नाही. बहुतेक लोक दुसऱ्या जातीचे. त्यांच्यासाठी एक पूर्ण तयार दार समोर ठेवायचं, सगळं निवडलेलं, किंमत लिहिलेली. ‘हे असंच्या असं घेता येईल. यात काय बदलू?’ मोकळ्या कागदावर कुणाला काही सुचत नाही. तयार वस्तूतली खोड काढायला मात्र सगळे हुशार.

रंगाचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पैसा गळतो. दाराच्या दोन्ही बाजू मिळून धरा साधारण चार चौरस मीटर. एक किलो पावडरीत सांडलवंड धरून सात-आठ चौरस मीटर होतात. म्हणजे एका दाराला अर्धा किलो. आणि पावडरीचा खोका येतो वीस-पंचवीस किलोंचा. ‘कोणताही रंग मिळेल’ असं लिहिलंत की उरलेली पावडर तुमच्या गोदामात पडून राहील, आणि कोटिंगवाला एका दारासाठी पावडर मारायचा बूथ धुवायचे पैसे वेगळे लावेल. तेव्हा सात-आठ शेड कायम ठेवा, त्याबाहेरच्या रंगाला जादा दर आणि जादा दिवस सांगा. दर ऐकल्यावर दहातले नऊ जण तुमच्या शेडमध्येच बसतात. आणि रंग मोबाइलवर कधीच पक्का करू नका. पावडर मारलेल्या पट्ट्या बनवून घ्या, मॅट, ग्लॉसी, टेक्श्चर अशा तिन्ही, आणि त्या ग्राहकाच्या घरी त्याच्याच भिंतीला लावून दाखवा, एकदा उन्हात आणि एकदा जिन्यातल्या दिव्याखाली.

आता माप. सगळी भांडणं इथे होतात, डिझाइनवरून नाही. आपला ग्राहक फूट-इंचात बोलतो, मिस्त्री सुतात बोलतो, मशीन मिमीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून थोडं जास्त. ‘साडेतीन फुटाला दोन सूत कमी’ हे वाक्य तीन माणसांच्या तोंडून फिरून तुमच्याकडे येईस्तोवर दार चौकटीत बसेनासं होतं. ग्राहकाने स्वतः माप दिलं तर ते चौकटीच्या आतलं की बाहेरचं हे त्यालाही माहीत नसतं. वर पंचवटीकडच्या जुन्या वाड्यातली चौकट असेल तर ती काटकोनात असेल याची कुणीच खात्री देऊ नये.

म्हणून दार आणि रेलिंगचं माप तुमचाच माणूस घेईल असा नियम करा, लांबचं गाव असेल तर येण्याजाण्याचा खर्च लावा, पण घ्याच. रुंदी तीन जागी, उंची तीन जागी, दोन्ही कर्ण. त्यात सगळ्यात लहान रुंदी आणि सगळ्यात लहान उंची धरायची, त्यातून फटीची जागा वजा करायची. दोन कर्णांत फरक दिसला की चौकट तिरकी आहे, ते ग्राहकाला तिथेच दाखवून सही घ्या, नाहीतर बसवल्यावर ‘तुमचं दार वाकडं’ असं ऐकाल. डावं-उजवंचा घोळ टाळायला एकच वाक्य वापरा: बाहेर दारासमोर उभे राहा, बिजागऱ्या कुठल्या हाताला हव्यात? आणि मुख्य दार आत उघडतं, हे बाहेर, तेव्हा जिन्यात समोरच्याच्या दाराला, मीटरच्या पेटीला, चपलांच्या कपाटाला धडकतं का ते तेव्हाच उघडून बघायचं. नेमप्लेट मात्र माप न घेता विकता येते, म्हणूनच सुरुवात तिच्यापासून करा असं मी सांगेन.

माप झालं, नक्षी ठरली, की स्क्रीनवरच्या चित्रावर समाधान मानू नका. पॅनलची नक्षी एकास एक मापात कागदावर किंवा फ्लेक्सवर छापून घ्या. फ्लेक्स छापायला फार लागत नाही. तो डबल टेपने त्यांच्या दारावर चिकटवून दोन दिवस राहू द्या. पुढचं सगळं आपोआप घडतं. सासूबाई म्हणतात ओम इतक्या खाली नको, पाय लागेल. मुलगी म्हणते ही वेल फार दाट झाली. कुरिअरवाला कुठे उभा राहतो ते दिसतं. जे वाद दार बसवल्यावर झाले असते ते फ्लेक्सवर होतात. देवाचं चिन्ह कमरेच्या खाली येऊ द्यायचं नाही हा नियम तर मी नक्ष्यांच्या फाइलमध्येच घालून ठेवलाय. त्यावर चर्चाच नको.

इथे एक जपा. फोन करणारा आणि ठरवणारा बहुतेक वेळा वेगळा असतो. नवरा ऑर्डर देतो, पसंती बायकोची असते, आणि घरात आजोबा असले तर शेवटचा शब्द त्यांचा. पहिल्या भेटीत सगळे घरी असतील अशी वेळ घ्या, रविवार सकाळ उत्तम. एकट्याच्या ‘ओके’वर शीट कापू नका.

डिझाइनमध्ये हात घातलेल्या माणसाला वस्तू जास्त मोलाची वाटते, याचा पुरावा आहे. निकोलाउस फ्रांके आणि फ्रँक पिलर यांनी २००४ मध्ये मनगटी घड्याळांवर अभ्यास केला. स्वतः डिझाइन केलेल्या घड्याळाला लोक तशाच दर्जाच्या तयार घड्याळापेक्षा जवळपास दुप्पट किंमत द्यायला तयार होते. पण दुप्पट भाव लावायला लगेच धावू नका. घड्याळ हातावर मिरवायची वस्तू आहे, सेफ्टी डोअर जिन्यात राहतं. नेमप्लेट आणि समोर दिसणारं फाटक यांना चांगला भाव मिळतो. खिडकीच्या मागच्या जाळीला कुणी पै जास्त देत नाही. गंगापूर रोडच्या बंगल्यालाही नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, मन बदलण्याचा. पायऱ्या आखून द्या आणि प्रत्येक पायरीवर बदलाची किंमत लिहा. फ्लेक्स उतरवेपर्यंत कितीही बदल, फुकट. ड्रॉइंगवर सही झाली की निम्मा अ‍ॅडव्हान्स, त्यानंतर लेझरला फाइल जाईपर्यंत बदल केला तर फक्त ड्रॉइंगचे पैसे. शीट कापल्यावर नक्षी बदलायची असेल तर पॅनलची पूर्ण किंमत. रंग मात्र कोटिंगला जायच्या आदल्या दिवसापर्यंत बदलता येईल, तुमच्या ठेवणीतल्या शेडमध्ये असेल तर विनामूल्य. हे कडक वाटतं, पण यात भांडण होत नाही, कारण प्रत्येक वेळी ‘आता किती पडतील’ हे त्याला आधीच माहीत असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याला सही समजू नका. एका पानावर ड्रॉइंग, माप, शेडचा नंबर, बिजागरीची बाजू, तारीख, आणि खाली ‘हे मी पाहिलं’ एवढं त्याच्या हाताने लिहून घ्या. आणि किंमत प्रत्येक निवडीसोबत दिसू द्या. शेवटी एकदम आकडा सांगितला की घासाघीस पूर्ण रकमेवर होते. प्रत्येक गोष्टीचा दर समोर असला की तो घासाघीस न करता स्वतःच एखादी गोष्ट कमी करतो.

काही बाबतीत ग्राहक कितीही आग्रही असला तरी मान डोलवायची नाही. बाल्कनीच्या रेलिंगमध्ये उभ्या सळयांतली मोकळी जागा १०० मिमीच्या वर नको, लहान मुलाचं डोकं अडकतं. आडव्या सळया सुंदर दिसतात, हल्ली सगळ्या फोटोंत त्याच असतात, पण मुलासाठी ती शिडीच होते. घरात लहान मूल असेल तर मी आडव्या करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. खिडकीला पक्की जाळी हवी म्हणणाऱ्याला आतून उघडणारा एक भाग घ्यायला लावा, आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. ‘त्यांनीच तसं मागितलं होतं’ हे उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, आणि सदोष डिझाइन त्यात येतं.

डिझाइन कुणाच्या मालकीचं हेही लिहून ठेवा. डिझाइन कायदा २००० प्रमाणे मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक तो दुसरा धरला जातो. ग्राहकाने पैसे देऊन खास नक्षी काढून घेतली आणि तुम्ही ती शेजाऱ्याला विकली तर वाद होऊ शकतो. ती नक्षी तुम्हाला पुढे वापरता येईल अशी एक ओळ ऑर्डरच्या कागदावर असू द्या. कार्टूनचं पात्र, क्रिकेट संघाचं चिन्ह, कंपनीचा लोगो घेऊन कुणी आलं तर नाही म्हणा. एवढं पुरे.

ग्राहकाला सहभागी करून घेण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तुमच्यासारख्या कारखान्याला तीत जास्त पैसा आहे असं मला वाटतं. तिच्यात ग्राहक स्वतःच्या वस्तूचं डिझाइन करत नाही, तुम्हाला नवी वस्तू सुचवतो. फॉन हिपेल यांनीच १९८६ मध्ये अशा पुढे असणाऱ्या वापरकर्त्यांबद्दल लिहिलं होतं: बाजाराला उद्या जी गरज पडणार ती यांना आजच पडलेली असते आणि थांबायला वेळ नसल्याने ते स्वतःच काहीतरी जुगाड करतात. आपल्याकडे हे बघायचं तर निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षबागांत जा. दोन ओळींतलं अंतर कुणाच्या बागेत आठ फूट, कुणाच्या नऊ, कुणाच्या दहा. फवारणीच्या ब्लोअरला, ट्रॉलीला, क्रेट ठेवायच्या स्टँडला शेतकऱ्याने गावच्या वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून घेतलेली असते, कुठे कोपरा कापलेला असतो, कुठे उंची वाढवलेली. जिथे जिथे असं दुसरं वेल्डिंग दिसेल तिथे मूळ माल कमी पडला होता. एकच फेरफार चार बागांत दिसला की तो तुमचा पुढचा प्रॉडक्ट, कोट केलेला, बोल्टने जुळवता येणारा. शेतकरी दारवाल्या ग्राहकासारखा रंगावर वेळ घालवत नाही, आणि चांगलं निघालं तर आख्ख्या गावाला सांगतो.

दारांच्या बाबतीतही ही नजर ठेवा. सर्व्हिसला गेलेला मुलगा परत आला की त्याला विचारा, लोकांनी दारावर आपल्या मनाने काय लावलंय? दुधाच्या पिशवीचा हुक, पेपर अडकवायची क्लिप, डासांची जाळी चिकटवलेली पट्टी. यातलं जे वारंवार दिसेल ते पुढच्या खेपेस नमुना दारातच घालून टाका.

आता कॉन्फिगरेटर. सुरुवातीला तुम्हाला एवढंच पुरे: नक्ष्यांची वीस-पंचवीस चांगल्या फोटोंची एक फाइल, दर काढणारी एक्सेल शीट, कॅडमध्ये माप बदललं की आपोआप बदलणारी फ्रेमची तीन-चार ड्रॉइंग्ज, शेडच्या पट्ट्या, आणि नीट बोलणारा एक माणूस. त्या माणसाने प्रत्येक ग्राहकाने काय विचारलं, काय नाकारलं, कशावर अडला हे वहीत लिहायचं. वर्षभराची वही हाताशी असली की कुठली निवड लोकांना खरंच हवी असते आणि कुठली नुसती दिखाव्याची ते कळेल. मग कॉन्फिगरेटरमध्ये काय असावं हे तुम्ही तो बनवणाऱ्याला सांगाल. आज तो तुम्हाला सांगतोय.

तेव्हाही पैसे देण्याआधी त्याला विचारा, ग्राहकाने शेवटचं बटण दाबल्यावर तुमच्या सिस्टीममधून बाहेर काय येतं? लेझरला थेट लावता येईल अशी डीएक्सएफ (कापायच्या रेषांची) फाइल, मापांसह कटिंग लिस्ट आणि किंमत येत असेल, जमणार नाही ते माप टाकल्यावर ती तिथेच अडवत असेल, तर बोलणी पुढे न्या. ‘सुंदर थ्रीडी चित्र येईल आणि ते तुम्हाला ईमेल होईल’ असं उत्तर आलं, तर त्या चित्रावरून ड्रॉइंग पुन्हा तुमच्याच माणसाला काढावं लागणार आहे. मग त्याच्याकडून साधी फोटोंची वेबसाइट करून घ्या, आणि तिचे पैसे वेगळे ठरवा.